एक टोला जास्त

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू फुगून बसली असशील. बस. पण आधी सोबतची कॅसेट नीट जागेवर ठेव. तुझ्या शिवणाच्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत ती सापडली तर मी पुन्हा काही पाठवणार नाही.

माझा नाद तुला ठाऊक आहे. त्या विलायती रॉक बँडच्या, म्हणजे आमच्या चौकडीच्या, तबकड्या सगळं जग ऐकतं. ऐकू दे बापडं. तबकडी ऐकणारी माणसं म्हणजे नाटक संपल्यावर फक्त टाळ्या वाजवायला जाणारी. खरा रॉक बँड कळतो तो त्यांनी स्टुडिओत गाळलेल्या गाण्यांतून, अर्ध्यावर सोडलेल्या प्रयत्नांतून, आवाज अजून एकमेकांत नीट मिसळलेले नाहीत अशा कच्च्या प्रतींतून. हे सगळं स्टुडिओतून चोरून बाहेर येतं आणि आम्हा मोजक्या लोकांत फिरतं. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि दवाखाना बंद केला की त्याच खुर्चीत आडवं होऊन कानाला हेडफोन लावायचे, याहून मला काही नको.

तर बातमी अशी, की मला त्या चौकडीच्या रेकॉर्डिंगची हरवलेली बैठक सापडली. त्यांनी एकदा एका अनोळखी मुलीला गायला बोलावलं होतं आणि ते काम गाळून टाकलं, अशी कुजबुज आमच्यात होती. बोटीवरचा इंजिनिअर मला कॅसेटी पाठवतो, त्याने एका कॅसेटच्या शेवटी उरलेल्या जागेत एक बिननावाचं गाणं भरून पाठवलं. ऐकल्या ऐकल्या मी ताडलं. ड्रमवाल्याचं स्टूल करकरतं, ती करकर मी झोपेतही ओळखेन. गाणं संपल्यावर मागे घड्याळाचे तेरा टोले पडतात. त्यांच्या जुन्या स्टुडिओसमोर मनोऱ्याचं घड्याळ होतं, आणि मनोऱ्याची घड्याळं कधी धड नसतात. तेराव्या टोल्याला ती मुलगी हसते. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज चिरतो. ताई, ती जखम आहे. पक्क्या तबकडीत असली जखम शिवून टाकतात, तुझ्यासारखीच माणसं असतात तिथे.

मी यावर एक टिपण लिहून प्रतींसोबत सगळ्या मित्रांना धाडलं. त्यांना माझ्या कानांची खात्री आहे. तुला नाही, म्हणून ही प्रत.

तुझ्या लाडक्या भाचीच्या, म्हणजे ठमीच्या, बँडची तबकडी येणार असं तू लिहिलंस. येऊ दे. तिने नमुन्याची प्रत पाठवली आहे, ती वेष्टनात आहे आणि तशीच राहील. घरात त्यांची तालीम चालायची तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणीतरी जिना उतरतंय असं वाटायचं. ते मी बोलून दाखवलं आणि बाईसाहेब घर सोडून गेल्या. त्यात माझ्या कानांचा काय दोष.

लोभ असावा, कच्चा असला तरी चालेल.
तुझा,
कानसेन (हे नाव तुम्हीच ठेवलंत)


९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

कॅसेट ऐकली. दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा निम्मी हसण्यात गेली. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

अरे दीडशहाण्या, ते घड्याळ आईचं आहे. मनोरा कसला घेऊन बसलास. एक टोला जास्त देतं म्हणून आपण सगळं लहानपण त्यातून एक वजा करत काढलं. एकदा तू वजा करायला विसरलास आणि तासभर आधी जाऊन शाळेच्या बंद फाटकाला टेकून बसलास, मग मी तुला आणायला आले. ठमी घर सोडून निघाली तेव्हा माझ्याकडून तिने तेवढंच मागून घेतलं. ती जिथे तालमी करते त्या खोलीत ते भिंतीवर आहे, मी स्वतः खिळा ठोकून दिला आहे.

आणि घड्याळ तिचं म्हटल्यावर गाणारी कोण ते आता मी फळ्यावर लिहून दाखवू का? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो तू. परक्या माणसाच्या स्टुलाची करकर झोपेत ओळखतोस आणि पोटची पोर जागेपणी ओळखत नाहीस. ओळखशील कशी म्हणा. ती घरात गायची तेव्हा तू दार लावून कानात कापसाचे बोळे घालून बसायचास. दवाखान्यातला कापूस त्याच कामी जास्त संपायचा, असं वहिनी जिवंत असताना म्हणायची.

माझ्या धंद्यातलं सांगते. कोट कच्च्या दोऱ्यावर असतो तेव्हा गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, मी खडूने रेघा मारते, टाचण्या लावते, एक बाही तर लागलेलीही नसते. त्या वेळी तो कोट पळवून कोणी चौकात टांगला आणि वा, काय जिवंत शिवण, म्हणून नाचू लागला, तर मी त्याला कात्री घेऊन गाठीन. कोट माझा आहे आणि तो झालेला नाही. एवढी साधी गोष्ट तुम्हा रसिकांच्या डोक्यात शिरत नाही.

आता नीट वाच, कारण पुढचं थट्टेचं नाही. ठमी परवा येऊन रडून गेली. तिच्या तबकडीच्या कंपनीकडे तुझी ती प्रत पोचली आहे, आणि टिपणही. टिपणाखाली नाव नव्हतं म्हणून कोणाचं ते तिला कळेना. कंपनीवाले तिला विचारतात की हे गाणं तर त्या चौकडीचं हरवलेलं गाणं आहे, जाणकार तसं लिहितात, मग तू ते आपलं म्हणून कसं देतेस. तिने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं, आणि तिला चोर म्हणताहेत. गाणं तिचंच आहे हे महिनाअखेर ठरलं नाही तर तबकडी निघणार नाही.

हे तुझं काम आहे हे मी तिला आजच कळवते आहे. मी झाकणार नाही.

प्रेम आहे, पण सध्या ते मागू नकोस.
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घड्याळं काय तुझ्या आईकडेच होती का? ती माझीही आई होती, आणि मला ते घड्याळ आठवतं. त्याचा आवाज याहून जाड होता.

मुलीचा आवाज बापाला कळत नाही असं तू म्हणतेस. मी ते गाणं इतक्या वेळा ऐकलं आहे की कॅसेटची फीत झिजायला आली. कळलं नसतं का? तू शिवणकाम कर, ऐकण्याचं माझ्यावर सोड. प्रती म्हणशील तर त्या आता माझ्या हातात नाहीत. ज्यांना दिल्या त्यांनी पुढे दिल्या असणार. आमच्यात तशीच रीत आहे.

लोभाचं तूच बघ.
भाऊ


१८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याने सगळं कळवलं, आणि तुम्ही तिला पाठवलेलं उत्तरही दाखवलं. घड्याळाचा आवाज बारीक झाला आहे कारण ते आता उघड्या विटांच्या भिंतीवर आहे. तुमच्यासारख्या तज्ज्ञाला हे सुचायला हवं होतं.

ती जखम नव्हती, सर्दी होती. त्या दिवशी मी नाक पुसत उभी होते आणि आमचा गिटारवाला म्हणाला की गाण्याचा नुसता सांगाडा बसवून बघू, मग तू घरी जाऊन झोप. दुसऱ्या कडव्यात माझा घसा बसला, तिथे आम्ही ते गाणं टाकून दिलं होतं. शेवटपर्यंत म्हटलं ते केवळ थट्टा म्हणून. गिटारवाल्यालाही तुमचाच नाद आहे. त्याने चौकडीच्या कुठल्याशा गाळलेल्या गाण्याच्या बदल्यात माझं गाळलेलं गाणं देऊन टाकलं. आता तो तोंड लपवून फिरतो. त्याला निदान लाज आहे.

तुमचं टिपण कंपनीतल्या बाईंनी माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. त्यात तुम्ही लिहिलंय की या आवाजाला घर नाही, म्हणून तो असा लागतो. बाबा, या आवाजाला घर होतं. तुम्ही त्याला डब्यातले खडे म्हणालात. मला वाईट वाटलं ते चोर ठरवल्याचं नव्हे. ते टिपण ऐकताना, लिहिणारा कोण हे माहीत नसताना, मला बरं वाटत होतं. कोणीतरी इतकं कान देऊन ऐकलं याचा मला आनंद झाला होता. मग आत्याचं पत्र आलं. तुम्ही जन्मात एकदा माझं कौतुक केलंत, तेही माझ्या सर्दीचं.

गाणं माझं आहे हे मी किती सांगितलं तरी कंपनी म्हणते की जाणकारांचं मत वेगळं आहे. ते जाणकार तुम्ही. काय करायचं ते तुम्हाला कळत असेल. मी विनंती करणार नाही.

आशीर्वाद आता कच्चा नको.
ठमी


२६ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी हेडफोन लावले आणि गाणं सोडून फक्त टोले ऐकले. तेरावा पडल्यावर माझ्या मनाने आपोआप एक वजा केला. मग मी गाणं ऐकलं, आणि पहिल्याच ओळीला तू होतीस. चौकडी कुठे गेली कोण जाणे. लाज वाटली, ठमे. तुझ्या आत्याला सांगू नकोस, ती शिंप्यांच्या सगळ्या गल्लीत सांगेल.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मित्रांना आणि तुझ्या कंपनीला पत्र धाडलं. मजकूर एवढाच: ते घड्याळ माझ्या आईचं आहे, तो आवाज माझ्या मुलीचा आहे, गाणं तिने लिहिलेलं आहे. तीनही गोष्टी मला ओळखू आल्या नाहीत. यापुढे माझ्या कानांवर कोणी विसंबू नये. खाली पूर्ण नाव आणि दवाखान्याचा शिक्का.

उत्तरं आली. महिनाभर त्या चिरेवर उसासे टाकणारे हेच लोक. बोटीवरचा इंजिनिअर लिहितो की त्याला पहिल्यापासून आवाज जरा नाकातला वाटत होता. दुसऱ्या एका थोर रसिकाने कळवलं की त्याने त्या कॅसेटवर आता क्रिकेटची कॉमेंट्री भरली आहे. फीत तीच, चीर तीच, फक्त गाणारी दंतवैद्याची मुलगी निघाली, आणि जखमेची एका टपालात सर्दी झाली. असल्या माणसांत मी इतकी वर्षं शहाणा म्हणून मिरवलो. आता मला कोणी कॅसेट पाठवत नाही. एकाने तर स्वतःच्या जुन्या कॅसेटी परत मागवल्या, माझ्या कानांचा संसर्ग होईल म्हणून असेल. तुझं गाणं आता बहुतेकांकडे पुसलं गेलं आहे. त्यांच्या तुच्छतेचा तुला उपयोग झाला, एवढं त्यांच्या नावावर लिहून ठेव.

वेष्टन फाडलं. तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. पक्की तबकडी मी अशी पूर्वी कधी ऐकली नव्हती, मध्येच उठायची सवय आहे. तिसऱ्या गाण्यात ड्रम फार पुढे आला आहे, ते बघ. पाचव्यात शेवट लांबला आहे. आणखी चुका शोधतो आहे, अजून सापडल्या नाहीत. कॅसेटवरचं ते गाणं आता तबकडीत जसं आहे तसंच हवं. दुसऱ्या कडव्यात तू न चिरता वर जातेस तिथे मी सुई मागे नेऊन तेवढंच कडवं पुन्हा ऐकलं.

माझ्याकडची प्रतही पुसली. सगळी नाही. गाणं पुसलं, त्याच्यामागचे तेरा टोले आणि तुझं हसणं ठेवलं आहे. ते गाणं नव्हे, तेव्हा गाळलेलं गाणं जमवल्याचा ठपका त्यावर बसत नाही, असा मी माझ्यापुरता निकाल दिला. तू या घरात शेवटची कधी हसलीस ते मला आठवत नाही. पण वस्तू तुझी आहे. नको म्हणालीस तर तेही पुसतो.

उत्तराची घाई नाही, वाट मात्र आहे.
तुझे,
बाबा


२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कंपनीने तुमचं पत्र फाइलला लावलं आणि तबकडीची तारीख दिली. बाईंनी तेही मोठ्याने वाचलं. पूर्ण नाव आणि शिक्का बघून त्यांनी विचारलं की यांच्याकडे दात दाखवायला जावं का. मी म्हटलं, दातांसाठी बिनधास्त जा.

तिसऱ्या गाण्यातला ड्रम बरोबर आहे. तुम्ही जुन्या हेडफोनवर ऐकलं असणार. पाचव्याचा शेवट लांबला आहे, ते आम्हालाही माहीत आहे.

हसणं ठेवा. पण फक्त तुमच्यापुरतं, त्याची प्रत निघाल्याचं कळलं तर आत्या कात्री घेऊन येईल. घड्याळ दुरुस्तीला द्यायचं ठरलं होतं, ते मी थांबवलं आहे. रविवारी तालीम आहे, दुपारी बाराला. कापूस घरी ठेवून या आणि जिन्यात थांबा. तेरावा टोला पडला की दार उघडीन.

ठमी