आधी नीलमच्या तोंडाले

२२ जानेवारी, बुधवार

आरशावर टॉवेल टाकला! माझी रूममेट नीलम म्हणे, "आरशाले थंडी वाजून राहिली काय व?" अन् हसत सुटली मेली. तिले काय जाते हसाले! तिच्या तोंडावर चार पुटकुळ्या, त्याबी कपाळावर, केसांखाली लपणाऱ्या. माझ्या एकट्या हनुवटीवर नऊ. मोजू नये असं रोज ठरवतो अन् रोज मोजतो.

आज क्लासमधी सरांनी फळ्यापाशी बोलावलं — हृदयाची आकृती काढाले. समोर चाळीस पोरं-पोरी. मी सारा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी, अन् परत येताना ओढणी नाकापर्यंत. सर म्हणे, "रागिणी, सर्दी झाली का?" हाव म्हटलं. आता उद्याही सर्दी आणावी लागेल.

मले भेव वाटते. इथं तरी खरं लिहितो. नीटच्या परीक्षेचं वाटत नाही तेवढं याचं वाटते. फोड जातील, पण खड्डे राहिले तर? एकदा खड्डा पडला का जन्माचा, असं सारेच म्हणतात.

२३ जानेवारी

कडुनिंबाचा पाला उकळून तोंड धुतलं. जिभेवर गेलं. थू! फरक शून्य.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून एका दिवसासाठी गावी गेली होती. जाऊन फसली. काकाचा बंडू ओसरीवरूनच ओरडला, "अव माय, तुया तोंडावर तर तूर सांडली व!" सारे हसले. आईबी हसली! मी भाकर तशीच टाकून मागच्या अंगणात गेली.

तिथं मैनाआत्या बिबे फोडत बसली होती. हिवाळ्यातलं तिचं ठरलेलं काम. हाताले गोडं तेल, त्यावर राख, तोंडाले फडकं गुंडाळलेलं. काळा बिबा दगडावर उभा धरायचा, एकच ठोका, अन् आतली पांढरी गोडंबी अलगद काढायची. गोडंबी लाडवात जाते, पोरंबी खातात. पण वरच्या टरफलातलं काळं तेल अंगाले लागलं का बिबा उतला म्हणून समजा — फोड येतात, सूज येते, कातडी जळाल्यावाणी होते. आत्याच्या मनगटावर जुने काळे डाग आहेत. तिले त्याचं काहीच नाही.

मले रडताना पाहून म्हणे, "गोडंबी दुधात उगाळून लावत जाय. कातडी कशी लोन्यावानी होते. आमी तेच लावलं, आमच्या टाइमाले कुठी होत्या तुमच्या कीरमा?"

मी म्हटलं, दे मग थोडी. तर म्हणे, सारा माल व्यापाऱ्याचा, एक दाणा इकडचा तिकडे चालत नाही.

"दुकानातून घेजो," आत्या म्हणे. "पन फोडाच्या भानगडीत पडू नोको पोरी. ते हात बसल्याचं काम हाय."

३० जानेवारी

लिंबू लावलं होतं परवा. साल निघून राहिली गालाची. त्याआधी टूथपेस्ट, त्याआधी मुलतानी माती, त्याआधी काकूंच्या कुंडीतली कोरफड. घरमालकीण काकू म्हणे, "रागिणी, माझी कुंडी टकली केली तू!" कोरफडीनं थंड वाटलं खरं, पण दोन दिवसांत कंटाळली मी. मले लवकर पाहिजे. सारं लवकर पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

राजापेठेत किराण्याच्या दुकानात गोडंबीचा भाव विचारला. बापा! ऐकून तशीच पायऱ्या उतरली.

मग रस्त्याच्या कडेच्या जडीबुटीवाल्याकडे अख्ख्या बिब्यांचा ढीग दिसला. मूठभर बिबे दोन चहाच्या पैशात. त्यानं विचारलं, "क्या करना है बेटा?" मी म्हटलं, आत्याले पाहिजे.

नीलमले सांगितलं. ती तर उड्याच मारून राहिली. पुढच्या रविवारी तिच्या मोठ्या बहिणीचं, प्रियदर्शनीताईचं लग्न आहे अकोल्याले. जुन्या शहरात घर, सारी गल्ली लग्नाले येणार. "फोटोत माया कपायावर काही दिसलं नाही पाह्यजे बापा. तो अल्बम जन्मभर राह्यते."

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोडले! काकू बाजारात गेल्यावर गच्चीवर बसली. राख कुठून आणू? गॅसच्या शेगडीत राख नसते. हाताले खोबरेल लावलं, वरून टाल्कम पावडर थापली, दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पन्न्या घातल्या अन् काकूंची हातोडी घेतली. पहिला बिबा उडून टाकीखाली गेला. दुसऱ्याचा चुराडा. आत्याचा एक ठोका, माझे सहा. काळं तेल चिळकन उडते! एक थेंब चपलेवर पडला तर चप्पल तिथंच टाकून मागं सरली.

अकरा गोडंब्या निघाल्या. चार-पाच काळपट होत्या, टिशूनं पुसल्या. पुसल्यावर पांढऱ्या दिसल्या. दुधात वाटून डबीत भरून फ्रिजमधी ठेवल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

आधी मनगटावर लावून पाहायचं, हे तर मलेही समजते. बायोलॉजीची पोरगी आहे मी! डाव्या मनगटाच्या आत बोटभर लेप लावला, अर्ध्या तासानं धुतला. संध्याकाळचे सहा वाजले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चोवीस तास झाले. मनगट साफ! खाज नाही, लाल नाही. झालं, पास!

नीलमची बॅग भरून झाली, उद्या सकाळच्या एसटीनं जाणार. मी म्हटलं, "बस, आधी तुले लावतो. लग्नघर तुयं." ती डोळे मिटून खुर्चीत बसली. मी हातात पन्नी घालून चमच्याच्या मागनं तिच्या कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर लावलं. थंड-थंड वाटते म्हणे. लावून झालं न झालं तेवढ्यात उठली. घरून फोन येऊन राहिला म्हणे, अन् मोबाइल घेऊन गच्चीवर पळाली. अर्ध्या तासानं तोंड धुऊन आली. कशी लखलखून राहिली होती!

"आता तू लाव," म्हणे.

मी म्हटलं, उद्या लावतो. आज डोकं दुखते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नीलम सकाळी गेली.

दुपारी क्लासमधी मनगट खाजवलं. वहीच्या कडेनं घासलं, पुन्हा खाजवलं. मच्छर असेल.

संध्याकाळी पाहिलं — जिथं लेप लावला होता, तेवढीच बोटभर लाल पट्टी. बरोबर तेवढीच.

देवा, मच्छरच असू दे!

८ फेब्रुवारी, शनिवार

मच्छर नाही. पट्टीवर पाण्याचे फोड आले आहेत, हात मुठीपर्यंत सुजला. कढई लागल्यावाणी जळजळते. उतला. बिबा उतला!

सकाळपासून एकच हिशोब चालू आहे डोक्यात. मी बुधवारी संध्याकाळी लावलं, शुक्रवारी दुपारी सुरू झालं. नीलमले गुरुवारी संध्याकाळी लावलं. म्हणजे आज दुपारी. तिच्या कपाळावर. तिच्या नाकावर. डोळ्यांच्या एवढ्या जवळ! उद्या लग्न आहे.

दहा वाजता मेसेज केला, "तोंड कसं आहे?" तिनं अंगठा पाठवला.

मग स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेली, चौकाच्या मागं. त्यांनी मनगट पाहिलं अन् बिबा का, असं थेट विचारलं. वऱ्हाडातल्या डॉक्टरले सांगावं लागत नाही. म्हणे, "हा लगेच नाही उतत, दोन-तीन दिवस घेतो. म्हणून पोरं फसतात. गोडंबी खायची वस्तू आहे, तेल लागलेली गोडंबी नाही." मग चष्मा वर करून विचारलं, "तोंडाला तर नाही ना लावलं कोणी?"

मी नाही म्हटलं.

नाही म्हटलं मी! काहून? त्या मारणार होत्या का मले?

त्यांनी मलम लिहून दिलं. माझ्या हनुवटीकडे पाहून म्हणे, "याच्यासाठी केलंस ना? दिवसातून दोनदा साध्या साबणानं तोंड धू, घासू नको. फोडू नको. उशीचा अभ्रा आठवड्याला बदल. लिंबू-बिंबू बंद. कोरफड सोसते तर लाव. अन् दोन महिने धीर धर. नाहीच कमी झालं तर ये, साधी ट्यूब देईन. याहून स्वस्त काही नाही." दोन महिने! मी दोन दिवस नाही थांबली.

दुपारी दीडले पुन्हा मेसेज केला, "तोंड कसं आहे व?" तिनं फोटो पाठवला, मेंदीचे हात गालांशी धरून. पण फिल्टर लावलेला! कातडी मेणासारखी, डोळे मोठाले, गालावर गुलाबी. त्यात काय दिसणार? मी मोठा करकरून पाहिला. कपाळ लाल आहे का तो लायटीचा रंग आहे, काही समजलं नाही.

तीनदा लिहिलं — नीलम, त्या लेपात बिब्याचं तेल असू शकते, लगेच डॉक्टरकडे जाय. तीनदा पुसलं. पाठवलं काय? तर पुन्हा तेच, "तोंड कसं आहे?" याचं उत्तरच आलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या फक्त.

आता लिहून टाकतो, इथं कोण वाचते. डोकं दुखत नव्हतं गुरुवारी. मनगट साफ होतं तरी मले भेव वाटत होतं. माझ्या तोंडाले लावाची माझी हिंमत नव्हती. म्हणून आधी नीलमच्या तोंडाले लावलं. तिचं काय होते ते पाहू, मग आपण लावू, असं वाटलं होतं. वाटलं होतं काय, ठरवलंच होतं.

कोणाच्या कामात बिब्बा घालू नये म्हणतात. मी तर तिच्या बहिणीच्या लग्नात घातला.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

अमरावती-अकोला एसटी. खिडकीपाशी बसून लिहून राहिली, अक्षर वाकडं येते. उजवाच हात चालते, डावा ओढणीत गुंडाळला आहे.

काकूंले सांगितलं, लग्नाले जातो. काकू म्हणे, "कालपर्यंत तर नाही म्हणत होती." ओढणी तोंडाले नाही बांधली आज. बांधाची आठवणच राहिली नाही.

मूर्तिजापूर गेलं. डोळ्यासमोर एकच — नीलम हॉलच्या मागच्या खोलीत बसली आहे, तोंड सुजून डोळे बंद, अन् बाहेर सारे विचारून राहिले, धाकटी कुठं आहे? तिची आई म्हणत असेल, काय लावलं व तू? अन् ती म्हणत असेल, रागिणीनं लावलं. किंवा म्हणतच नसेल. ते जास्त वाईट.

गेल्या गेल्या सांगायचं. तिच्या आई-बाबांसमोर सांगायचं. मॅडमचं मलम पर्समधी आहे. डॉक्टरकडे मीच घेऊन जाईन. डोळ्याले काही झालं असेल तर? नाही. लिहीत नाही ते.

अकोल्यातला मोर्णा नदीचा पूल येईल आता.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ, परतीची एसटी

हॉलच्या दारातच तिचे बाबा भेटले. "जय भीम बेटा! आली का? आधी जेऊन घे." मागं नीलम उभी, निळ्या साडीत, हातात फुलांचं ताट. तोंड साफ. एक फोड नाही, एक लाल ठिपका नाही. कपाळावरच्या चार पुटकुळ्या होत्या तशाच.

मले रडू आलं तिथंच. तिनं माझा हात धरून मागच्या खोलीत नेलं, ओढणी सोडली, मनगट पाहिलं. म्हणे, "मले वाटलंच. मायाच तोंडाले लावतानी हातात पन्नी घातली तू. ज्याले तू बोट नाही लावत, ते मी तोंडावर काहून ठेवू? फोन-बिन काही नोता. तशीच काकूच्या मोरीत गेली अन् साबनानं तीनदा धुतलं."

मी म्हटलं, "सांगणार होती व मी. सांगालेच आली."

"काल तीनदा तोंड इचारलं तू. तवाच समजलं का काहीतरी हाय. सारा दिवस फोन हातात धरून बसली, आता सांगशील, मंग सांगशील."

मग तिनं खोबरेल आणून माझ्या मनगटावर लावलं, हळूहळू, फोड न दुखवता. तिच्या बोटांत पन्नी नव्हती. बाटलीचं झाकण लावताना म्हणे, "बुधवारी येतो मी. काकूले सांगजो, मले येगळी, मधली खोली पाह्यजे."