ऐंशीला सुरू होणारी थरथर

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेले तीन रविवार मी खरोखरच जमिनीवर आडवा आहे, फक्त पोटाऐवजी पाठीवर आणि देवाऐवजी पिकअपपुढे.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईची सकाळी फिरायला जायची मोहीम अजून टिकून आहे, की नेहमीसारखी आठवड्यात आटोपली? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे, हिने माझ्याशी बोलणं तात्पुरतं कमी केलंय आणि पिकअपला थोडी थरथर सुटली आहे. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण तुमचा फोन ताई उचलते आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा ठेवून भाजी निवडत बसते. हा विषय आपल्या दोघा जाणकारांमधला आहे, त्यात तिसरं माणूस नको.

पिकअप म्हणजे तीच, तुम्ही गॅरेज बंद करताना "नीट सांभाळ" एवढंच म्हणून माझ्या हवाली केलेली. एकोणीस वर्षांची झाली, पण रंगरूप असं की परवा पेट्रोल पंपावर एकाने विकणार का म्हणून विचारलं. गावातल्या गावात ती अगदी गुणी बाळासारखी चालते. साठपर्यंत तर आपण गाडीत आहोत की दिवाणखान्यात हे कळू नये. महामार्गाला लागून काटा ऐंशीवर गेला की मात्र तिच्या अंगात येतं. आधी आरसा थरथरतो, मग दार, मग माझी कवळी. नव्वदला हिच्या पर्समधली नाणी वाजायला लागतात आणि तोंडाचा पट्टाही त्याच वेगाने सुरू होतो.

एरवी मी मनावर घेतलं नसतं. मला महामार्गावर काम तरी काय असतं? पण तुमच्या भाचीला नोकरी लागली आहे हे तुम्हाला माहीत आहेच, आणि येत्या रविवारी ती जाणार. पहिली नोकरी, चार तासांवरचं शहर, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. कपाट, टेबल, गादी आणि पुस्तकांची नऊ खोकी आहेत. हे सगळं पिकअपमध्ये घालून, तिला शेजारी बसवून, मी स्वतः पोचवणार असं ती दहावीत असल्यापासून ठरलेलं आहे. (तिच्याशी नव्हे, माझ्याशी.) आता हिने निर्वाणीचा इशारा दिलाय की शनिवार संध्याकाळपर्यंत थरथर गेली नाही, तर सामान भाड्याच्या ट्रकने जाईल, पोरगी बसने जाईल आणि मी घरी बसून हवं ते उघडावं, हवं ते जोडावं. भाऊजी, तुमच्यापासून काय लपवायचं. ते चार तास मला हवे आहेत. परत ती कधी चार तास माझ्या शेजारी स्वस्थ बसेल, सांगता येत नाही.

तेव्हा मी हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर माणसात एक शिस्त येते. एक दोनशे पानी वही केली, तक्ता आखला. वेग, थरथर कुठे, थरथर किती, शेरा. तुम्ही एकदा सांगितलेलं मला पक्कं आठवत होतं की थरथर हातात आली तर दोष पुढे, बुडाखाली आली तर दोष मागे. पण मला ती दोन्हीकडे येत होती, म्हणून वाटीचा प्रयोग केला. एक पाण्याने भरलेली वाटी काचेखाली समोर ठेवली आणि दुसरी हिच्या मांडीवर, सीटची प्रतिनिधी म्हणून. पंच्याऐंशीला समोरच्या वाटीत नुसते तरंग उठले आणि हिच्या वाटीत पाणीच उरलं नाही. निष्कर्ष स्वच्छ होता, दोष मागे. हिने काढलेला निष्कर्ष वेगळा होता आणि तो मी वहीत घेतलेला नाही. बोलणं कमी झालं ते त्या दिवसापासून.

मग गेलो टायरवाल्याकडे. त्याला आमच्याकडे सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो टायरला कान लावून निदान करतो. त्याने चारही चाकं मशीनवर फिरवली, तोल साधायला रिंगच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकले आणि गाडी आता लोण्यासारखी जाईल असं सांगितलं. गेली, एकोणऐंशीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. डॉक्टरचं म्हणणं असं, की दोष चाकात असेल तर तो चाकाबरोबर जागा बदलेल. दोषाने जागा बदलली नाही. (मी मुद्दाम पुन्हा वाटी ठेवली. ही आली नाही, म्हणून ती वाटी सीटबेल्टने बांधली.) मग पंच्याऐंशीवर असताना गिअर न्यूट्रल करून पाहिला. इंजिन शांत झालं, थरथर होती तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. तरीही ज्या रबरी ठोकळ्यांवर इंजिन बसतं ते मी बदलून टाकले, कारण डॉक्टरचा साडू तेच विकतो आणि मला नाही म्हणवेना.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. जो तो भेटला की एकच प्रश्न विचारतो, हे कधीपासून होतंय? डॉक्टरने विचारलं, साडूने विचारलं, पेट्रोल पंपावरच्या त्या गिऱ्हाइकानेसुद्धा विचारलं. अहो, दुखणं काय आहे ते बघा, त्याची जन्मपत्रिका कशाला हवी? मी सगळ्यांना अलीकडेच असं सांगतो. खोटं नाही. साधारण गेल्या महिन्यात मी शाफ्टचा क्रॉस बदलला, त्याच सुमाराची गोष्ट. (इंजिनाचा फेर मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब लोखंडी दांडा आणि त्यातला वाकणारा सांधा, हे तुम्हाला काय सांगायचं. पण ताईने पत्र वाचलंच तर तिला कळावं म्हणून लिहिलं.) ते काम मी स्वतःच्या हाताने केलेलं असल्यामुळे तिकडे बघायचा प्रश्नच येत नाही. दांडा उतरवला, दोन्ही तुकडे वेगळे केले, जुना क्रॉस ठोकून काढला, नवीन बसवला, ग्रीस भरलं. तुम्ही पाहिलं असतंत तर पाठ थोपटली असतीत. दांडा असा लखलखत होता की मी त्यात भांग पाडला.

तर एकूण परिस्थिती अशी. चाकं निर्दोष, टायर निर्दोष, इंजिन निर्दोष, चालक निर्दोष. तक्त्याची एकवीस पानं भरली आहेत. माझ्या मते आता रस्त्याचाच विचार करायला हवा. आमच्याकडचा महामार्ग दोन वर्षांपूर्वी नव्याने केला, तेव्हा त्यात काही तरी राहून गेलं असणार. तीन दिशांना जाऊन पाहिलं, तिन्हीकडे थरथर आहे, म्हणजे तिन्ही रस्ते सारखेच बिघडलेले आहेत. काळजीचं कारण नाही. शनिवारपर्यंत मी याचा छडा लावणार आणि रविवारी सकाळी सातला आम्ही निघणार.

ताईला नमस्कार. गुडघ्यांना जपा, जिने टाळा.

तुमचा,
गाडीखालून तूर्त बाहेर आलेला मेहुणा

ता. क. शनिवारी तुम्हाला खास काही काम नसेल तर सहज या. येताना सहज तुमची हत्याराची पेटी आणा.

ता. क. दुसरा. सहज नव्हे, याच. आता लिहूनच टाकतो. तुम्ही वीस वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये मला बजावलं होतं की दांड्याचे दोन तुकडे वेगळे करण्याआधी दोन्हींवर खूण कर, म्हणजे जोडताना एकाच्या टोकाचा दात दुसऱ्याच्या पुन्हा त्याच खाचेत बसेल, नाही तर दांडा जन्मभर डोलत फिरेल. मी खूण केली होती. अगदी आठवणीने, खडूने, ठळक. मग जोडण्याआधी दांडा रॉकेलने स्वच्छ धुतला. भाऊजी, तीस वर्षं मी कुठलीही वस्तू न धुता परत जागेवर ठेवलेली नाही, हात आपोआप गेला. धुऊन, पुसून, वर चंदेरी रंगाचा हात मारून झाल्यावर लक्षात आलं की खूण रॉकेलबरोबर गटारात गेली. एकूण दात सोळा. अंदाजाने दोन जागी बसवून पाहिले, चौदा शिल्लक आहेत. एकेकाला अर्धा दिवस लागतो आणि रविवार एकच आहे. हे मी कोणाला बोललेलो नाही. वहीतही नाही. रस्त्याबद्दल लिहिलं ते विसरा.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि ही वेळ आली. पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात पोरीने टेबलावरचं पत्रही वाचलं आणि वहीही. रागावेल वाटलं होतं. तिने लाल पेन घेतलं आणि तक्त्याच्या पहिल्याच पानावर, वेग साठ, थरथर शून्य, या ओळीखाली रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "साठनेच जाऊ. चारचे साडेपाच तास होतील, होऊ देत." एकवीस पानं भरली मी, आणि ही ओळ मला दिसली नव्हती. मी म्हटलं, आईचा ट्रक याहून लवकर पोचेल. ती म्हणाली, बाबा, मला कुठे लवकर पोचायचंय. आईने ते ऐकलं आणि ट्रकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. वाटीचं काय ते मात्र अजून माफ झालेलं नाही.

तेव्हा शनिवारी ताईला घेऊन या, पोरीला भेटायला. हत्याराची पेटी आणू नका. ती सोमवारी आणा आणि दोन दिवस राहायच्या तयारीने या. दांडा पुन्हा उतरवू, हवं तर चौदाही दात बसवून बघू. घाई अजिबात नाही. सोमवारी मला हाताला काहीतरी काम लागणार आहे.