टेंभीच्या माथ्यावरील दगडावर बाण असल्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
जुने नकाशे व भूमापन खुणा कक्ष,
वेल्हे, जि. पुणे

विषय : सदर दगड इंग्रज सर्व्हेचाच असल्याचा शिक्क्याचा कागद मिळणेबाबत.
संदर्भ : माझाच पाहणी अहवाल, दि. १७ एप्रिल १९९१.

महोदय,

१. मी आपल्या कक्षातून निवृत्त झालेला मोजणीदार असून प्रस्तुत अर्ज ही माझी माझ्याविरुद्धची तक्रार समजावी.

२. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सर्व्हेच्या साहेबांनी डोंगरमाथ्यांवरून मापे घेऊन या मुलखाचा नकाशा केला, तेव्हा टेंभीच्या माथ्यावर बाण कोरलेला दगड रोवला. पुढे लोकांनी त्यास शेंदूर फासला व दगडाचा देव झाला. १९९१ साली तेथील कुरणावरून दोन वाड्यांत वाद झाला. नकाशातील हद्द त्या दगडातून जाते. हा तो दगडच नव्हे, असे वरच्या वाडीचे म्हणणे पडले. खालच्या वाडीतील श्रीमती धोंडाबाई यांनी जननीच्या देवळात बेलभंडारा उचलून सांगितले की, शेंदराखाली बाण आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, साहेबाची दुर्बीण आमच्याच पूर्वजाने वर वाहून नेली. देव खरवडणार कोण? म्हणून सरकारी माणूस बोलावला. तो मी.

३. ऊन फार होते. धोंडाबाईंनी मला पिठले-भाकरी व ताक दिले. "जाऊन येतो" असे त्यांना सांगून मी ओढ्याकाठच्या जांभळीखाली तीन वाजेपर्यंत झोपलो आणि लिहिले, "प्रत्यक्ष पाहणी केली. बाण आढळून आला नाही." झोपलेल्या माणसास बाण आढळत नाही, सबब दुसरे वाक्य खरेच आहे, अशी मनाची समजूत मी पस्तीस वर्षे घातली. परंतु 'प्रत्यक्ष' या शब्दास पळवाट सापडत नाही.

४. कुरण गेले, ते वाडीने सोसले. पण शपथ खोटी ठरली. लोक त्यांना 'बिनबाणाची धोंडाबाई' म्हणू लागले. त्या दिवसापासून त्यांनी देवळाची पायरी चढलेली नाही व त्या दगडास शेंदूरही लावलेला नाही.

५. गेल्या महिन्यात मी गुडघे धरत माथा चढलो. शेंदराचे पोपडे गळून पडले आहेत. बाण स्पष्ट दिसतो. तेथे आता फक्त वरच्या वाडीची गुरे जातात आणि ती साक्ष देत नाहीत. मला फार लाज वाटली.

६. तसाच खाली उतरून मी धोंडाबाईंच्या पाया पडलो व वाडीतील लोकांदेखत सर्व कबूल केले. त्यांचे वय सत्याऐंशी असून त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. त्या म्हणाल्या, "न्हाई बाबा, सरकारी कागुद कसा खोटा आसंल? माझंच डोळं फसलं आसतील. तुमी उनातान्हाचं वर गेलता, तुमचा काय दोस?" आणि सुनेला मला ताक द्यायला सांगितले.

७. तोंडी कबुलीचा उपयोग नाही, हे त्यावरून दिसून येते. तरी नवी पाहणी व्हावी. येणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत मी स्वतः चढेन, जांभळीखाली बसू देणार नाही. 'बाण आहे' एवढे दोन शब्द गोल शिक्क्यासह चैत्रातील जत्रेपूर्वी मिळावेत, म्हणजे ते देवळाच्या पायरीवर त्यांना मोठ्याने वाचून दाखवता येतील. मला होईल ती शिक्षा मान्य आहे.

साहेब, साऱ्या वाडीत माझ्या त्या कागदावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
चिमाजी कोंडिबा शिळीमकर
मु. मार्गासनी, दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) दगडाचा फोटो. २) १९९१ च्या अहवालाची प्रत. त्यातील 'प्रत्यक्ष' हा शब्द मी खोडला आहे.