अ वर्ग माझा, ब वर्ग गजभियेचा

२ जुलै १९८५
शाळा सुरू. दहावीच्या दोन तुकड्या पाडायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं. योग्य माणूस निवडला. पांढुर्ण्यात कुणालाही विचारा, पोराच्या बापाचा धंदा सांगा, मी निकाल सांगतो. बापाचा संत्र्याचा बगीचा असेल तर प्रथम श्रेणी. बाप तहसिलीत, पोस्टात असेल तर द्वितीय, निदान. दुसऱ्याच्या वावरात राबत असेल तर नापास. हे शास्त्र आहे, यात जातपात नाही. आता बौद्ध मोहल्ल्यातली सगळी पोरं ब वर्गात गेली, तो योगायोग.
आमचा मनोहर अ वर्गात. विज्ञान मीच शिकवणार. प्रथम श्रेणी आली की नागपूरला सायन्स कॉलेज. रोज पहाटे उठवून त्याचा अभ्यास घ्यायचा. ठरलं.

३ जुलै
पहाटे उठलो नाही. पहिल्याच दिवशी मुलावर दडपण नको.

११ जुलै
ब वर्गाच्या विज्ञानाला नवा मास्तर आला. देवीदास गजभिये, लोधीखेड्याचा. मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याला सांगितलं, बाबा रे, त्या वर्गापायी जीव काढू नको. तिगावची पोरं पॅसेंजर लेट म्हणून उशिरा येतात, बाकीची कापूस फुटला की येतच नाहीत. म्हणाला, येतीन सर, नाही आले तं मी घरी जाऊन आणीन. हसलो. नोकरी नवी आहे, उतरेल.

१६ सप्टेंबर
काल गोटमार झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नदीकाठची दगडफेक. अ वर्गातली अर्धी पोरं डोक्याला पट्ट्या बांधून आली. परंपरेचा अभिमान आहे पोरांना. ब वर्गातल्या दोघांनाही दगड लागले, पण तो उनाडपणा.
मनोहरचं कपाळ फुटलं. आठवडाभर अभ्यास बंद. डॉक्टरांनी नाही, मीच सांगितलं.

२० नोव्हेंबर
वेचणी जोरात. ब वर्ग रिकामा. प्राचार्यांना म्हटलं, पाहा माझं शास्त्र. अ वर्गातही हजेरी कमी आहे, पण तिथे संत्र्याच्या तोड्याचं कारण आहे. शेतकऱ्याची अडचण समजून घ्यावी लागते.
संध्याकाळी कळलं, गजभिये मोहल्ल्यातल्या विहारात वर्ग घेतो. दिवसभर वाकून कापूस वेचलेली पोरं तिथे जांभया देत बसतात म्हणे. आणि हा त्यांना पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण पुस्तक शिकवतो! अडाणी कुठला. पूर्ण पुस्तक कोणी शिकवतं का?

१२ जानेवारी १९८६
गेस तयार, म्हणजे पेपरात काय येणार त्या प्रश्नांची माझी यादी. सौंसरला असताना माझा गेस एकदा तंतोतंत लागला होता. त्या पुण्याईवर लोक अजून रस्त्यात नमस्कार करतात. अ वर्गाला ताकीद दिली, एवढंच पाठ करा, बाकीच्या पुस्तकाला हात लावू नका. आणि यातली एक ओळ जरी ब वर्गात गेली तर याद राखा.
मनोहरने विचारलं, बाबा, बाकीचं आलं तं? म्हटलं, येत नसतं.

१४ जानेवारी
केसरबाईची कुसुम स्टाफरूमच्या दाराशी आली. केसरबाई आमच्या चुलतभावाच्या वावरात वेचणीला असते. पोरगी म्हणते, सर, आमालेही इम्पॉर्टंट द्या नं. हिंमत पाहा! म्हटलं, गेस हुशारांसाठी असतो, तू आपलं अख्खं पुस्तक वाच. तोंड एवढंसं करून गेली. दिवसभर गंमत वाटत राहिली.

१ मार्च
शनिवार. जामसांवलीला जाऊन मारुतीला नारळ फोडला. मनोहरसाठी आणि अ वर्गासाठी नवस बोललो. ब वर्गाचं नाव काढलं नाही. देवाला तरी किती त्रास द्यायचा!

११ मार्च
विज्ञानाचा पेपर झाला. गेसमधलं काही आलं नाही. काहीच नाही. पेपर काढणारा मूर्ख आहे. भोपाळच्या बोर्डात असलीच माणसं बसवतात. मनोहर म्हणतो, बरा गेला. चेहऱ्यावरून वाटलं नाही, पण बापाने विश्वास ठेवावा.

७ जून
निकाल. पेढ्यांची ऑर्डर देऊन पेपर घ्यायला स्टेशनवर गेलो. अ वर्गाचे रोल नंबर जवळजवळ गायब. ब वर्गाचे मात्र ओळीने छापलेले. उघड उघड छपाईची चूक आहे. कुसुम चक्क प्रथम श्रेणीत! चूक केवढी मोठी आहे ते यावरूनच कळतं. पेढे कॅन्सल केले नाहीत, थोडे दिवस थांबायला सांगितलं.

१४ जून
मार्कशीट आल्या. छपाई बरोबर होती. मनोहरला पूरक परीक्षा. विज्ञानात. म्हणजे माझ्याच विषयात.
प्राचार्य म्हणाले, यशवंतराव, तुकड्या तं तुमी बरोब्बर पाडल्या, नावं तेवढे उलटे देऊन बसले. सगळी स्टाफरूम हसली. गजभिये हसला नाही, ते जास्त लागलं.
घरी येऊन विचार केला. ब वर्गाला गेस मिळाला नाही म्हणून त्यांना सगळं पुस्तक वाचावं लागलं. गेस कोणी दिला नाही? मी. म्हणजे एका अर्थी निकाल माझाच. प्राचार्यांना जाऊन हे सांगितलं. त्यांनी चपराशाला पाणी आणायला सांगितलं, माझ्यासाठी.

२२ जून
मनोहर माझ्याकडे शिकायला तयार नाही. त्याची आई सुशीला मला न विचारता त्याला गजभियेकडे विहारात पोचवून आली. मी चिडलो. म्हटलं, लोक काय म्हणतील? म्हणाली, कोणते लोक? तुमचा आख्खा अ वर्ग तिथंच बसून राहिला, मनोहरले बसाले जागा नव्हती, सरच्या मदतीले आलेल्या कुसुमनं सरकून देली.
जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही.

२७ जून
जेवताना मनोहरने विचारलं, बाबा, विहिरीचं पाणी हिवाळ्यात गरम काहून लागते? पहिल्याच धड्यात आहे म्हणे. म्हटलं, हे काही इम्पॉर्टंट नाही. म्हणाला, नसन इम्पॉर्टंट, पण काहून लागते?
सुशीला भाकरी थापता थापता थांबली. मी वरण मागितलं. मला उत्तर येईना. इतकी वर्षं हा विषय शिकवतो आणि मला उत्तर येईना.
मनोहर म्हणाला, राहू द्या बाबा, उद्या सरले विचारतो. सर म्हणजे गजभिये.
म्हटलं, विचार. मग हात धुताना सुशीलाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, मलाही सांग.