चंद्रीचं चौथं करडू आणि पुतळीची चौकट

पडेगाव, औरंगाबाद
दसऱ्यानंतरचा रविवार, १९९६

ती. स्व. बानाआक्कास,

धाकट्या सूर्यभानचा दंडवत. इकडं माणसं आणि शेळ्या खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत आणि फर्दापूरला लेणी बघणारी गिऱ्हाइकं तुमच्या हॉटेलात येतात की नाही, ते कळव. दाजींना रामराम सांग (चहात आलं जरा बेतानं घाला म्हणावं).

तुझं पत्र पोचलं. माझी पुतळी तुझ्या लेकासाठी, त्रिंबकसाठी मागितलीस, दिवाळीच्या आत होकार कळव, आणि नाही म्हणालास तर पुन्हा माहेरची पायरी चढणार नाही, असंही लिहिलंस. त्यावर लिहितोच, पण आधी एक अभिमानाची गोष्ट ऐक. सातवीला गणितात आपटलेला तुझा भाऊ आता बारावी सायन्सची गणितं सोडवतो.

झालं असं की, पुतळीनं कॉलेजातून आल्या आल्या अंगणात काडीनं चार खणांची चौकट काढली. पनेट नावाच्या कुणा इंग्रजाची आहे म्हणे, आईबापाचे गुण पोरांत कसे उतरतात ते दाखवणारी. वर बापाची दोन इंग्रजी अक्षरं, बाजूला आईची दोन, आणि दोघांकडून एकेक घेऊन खणाखणात जोडी लावायची. आमच्या शेळ्यांसाठी तिनं पांढऱ्या रंगाचं मोठं अक्षर धरलं, काळ्याचं लहान. मोठं असलं की लहान गप बसतं (तुझ्यासमोर दाजी बसतात तसं). दोन्ही लहान एका खणात आली तरच करडू काळं. मी पहिल्याच चौकटीत दोन्ही अक्षरं बापाचीच घातली, तेव्हा पुतळी म्हणाली की आईलाही काही हिस्सा असू द्या, आणि तुझी भावजय सारजा चुलीपाशी उगाच खोकली. पण मी सोडलं नाही. कोंबड्यांनी चौकटी विस्कटल्या की नव्या काढल्या, आणि शेवटी एकही चूक न करता सगळे खण भरले. पुतळीनं शाबासकी दिली. मास्तरांनी मला ती कधीच दिली नव्हती.

मग जरा जास्तच झालं. आमची चंद्री पांढरी, बोकडही पांढरा, पण दोघांच्याही आया काळ्या. म्हणजे दोघांतही काळ्याचं एकेक लहान अक्षर दडलेलं, आणि चौकटीत तीन खण पांढरे, एक काळा. चंद्रीला आतापर्यंत याच बोकडाची तीन करडं झालेली, तिन्ही पांढरी. मी हिशेब लावला की आता काळ्याची पाळी. फुलंब्रीच्या रामकिसनला काळी पाट, मादी करडूच, हवी होती, त्याला चारचौघांत शब्द दिला. तो दावं घेऊनच आला. चंद्री त्याच्यासमोर व्याली आणि पडला तो दुधासारखा पांढरा बोकड. रामकिसन रिकामं दावं खांद्यावर टाकून निघाला, तो वेशीपर्यंत हसत होता. पुतळीला विचारलं तर म्हणाली, "आबा, ही काय नळाची पाळी हाय व्हय? दर खेपेला चौकट नव्यानं मांडायची. आधी काय झालं ते चंद्रीच्या ध्यानात नसतंय." इतकं सोपं मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. हसं झाल्याचं दुःख तिथंच गेलं.

आता बघ, आपण घरचा बोकड घरच्या पाटीवर कधी सोडत नाही, दर साल-दोन सालांनी बाहेरचा आणतो. का, ते मी बापाला विचारलं नाही, त्यानं त्याच्या बापाला विचारलं नाही. माझ्या पोरीनं ते चार खणांत दाखवलं. एकाच घरातली दडलेली लहान अक्षरं एकमेकांना लवकर सापडतात. कळपाच्या बाबतीत आपण शहाणे, हे तुलाही मान्य व्हावं.

इथं कागद संपत आला. सारजाचा नमस्कार, त्रिंबकला आशीर्वाद.

तुझा,
सूर्यभान

ता. क. मुद्दा राहिलाच. आपल्या काकांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं (कळप त्यांच्यासारखा कुणी राखला नाही, ते वेगळं). ते लहान अक्षर तुझ्यात आहे आणि माझ्यातही आहे. आपल्याकडून ते दोन्ही पोरांत उतरणार, म्हणून चौकटीच्या नियमानं हे लग्न जमत नाही. माझा इलाज नाही, विज्ञान आहे.

ता. क. दुसरा. चिकटवण्याआधी पुतळीनं पत्र वाचलं. 'असेल' तिथं 'आहे' लिहिलंत, असं म्हणून तिनं माझी चूक काढली. अक्षर आपल्यात असेल किंवा नसेलही, आणि असलं तरी सगळे खण वाईट नसतात. मग म्हणाली, "चौकटीमागं लपू नका, आबा. मला शिकायचंय, त्रिंबकशी लगीन करायचं नाय. आत्याला सरळ लिवा." तुझ्या भीतीनं मी एवढ्या शेळ्या मधे उभ्या केल्या, आणि ही पोरगी एका वाक्यात बोलून मोकळी झाली. ऊर भरून आला बघ. तेव्हा आक्का, पुतळी नाही म्हणते, आणि मीही नाही म्हणतो. पण भाऊबीजेला ये. पाट मांडून ठेवतो. ओवाळ, आणि मग जितकं भांडायचं तितकं भांड.