लाल गाडीचा जळालेला कॉम्प्युटर

चाचा,

गाडीच्या कॉम्प्युटरच्या त्या डब्याला नेमकी कुठली वायर हवी होती हे तुम्हाला कसं कळलं, ते मी कधीच विचारलं नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. मधल्या काळात इंजिनचे कितीतरी कॉम्प्युटर मी उघडले, जोडले, आता तर पुण्यातल्या कॉलेजात हाच विषय शिकवतो. तरी जेद्दाच्या अझीझिया भागातलं ते गॅरेज आठवलं की अडतो तिथंच. तुम्ही रत्नागिरीकडचे, कार्बोरेटर नुसत्या कानानं लावणारे. मी नाशिकचा डिप्लोमावाला, चोवीस वर्षांचा, येऊन जेमतेम चार महिने झालेले, आणि गुर्मी मात्र अशी की विचारू नका. वायरिंगचं पुस्तक इंग्रजीत असायचं, ते तुम्हाला वाचता यायचं नाही, आणि मला त्याचाच कोण आनंद.

ती लाल, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार आली तेव्हा युद्धाला तोंड लागायचं होतं. मालक कुवेतचा, शाळेत शिकवणारा. इराकी फौज शिरली तेव्हा बायको आणि दोन मुलींना त्या एवढ्याशा गाडीत कोंबून तो वाळवंटातून निघाला होता. गाडी त्याच्या धाकट्या भावाची होती आणि भाऊ मागेच राहिला होता. सीमा उघडली की याच गाडीनं परत जायचं आणि किल्ली भावाच्या हातात द्यायची, हे त्यानं मनाशी पक्कं धरलेलं. गाडीचं दुखणं तसं किरकोळ, तापली की गचके द्यायची. नमाजाची वेळ झाली, तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि जाताना म्हणालात, "कॉम्प्युटरच्या वायरींना हात लावू नको हां, मी आलोच." मी लावला. आपला नेहमीचा टेस्ट लॅम्प घेतला, बल्ब आणि चिमटावाला, ज्यानं गावाकडच्या साऱ्या जुन्या गाड्या तपासत मी काम शिकलो होतो. चिमटा बॅटरीच्या प्लसला, टोक सेन्सरच्या वायरला. पाच व्होल्टच्या वायरीत बारा व्होल्ट गेले. डब्यातून करपल्याचा वास आला आणि त्यानंतर गाडी चालूच होईना.

संध्याकाळी कफील, म्हणजे आपल्याला कामावर ठेवणारा गॅरेजचा मालक, आला. कुणी केलं, असं त्यानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी." तो ओरडला नाही. कुवेतवाला परत निघेपर्यंत दुसरा कॉम्प्युटर बसला नाही तर खलास, तुमचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द आणि तुम्ही घरी, एवढं बोलून गेला. तुमच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती. मी मागच्या खोलीत रडत बसलो, तर तुम्ही येऊन म्हणता, "मेल्या, तुला तर ते उद्याच विमानात बसवतील. मला पाठवायला जरा विचार करतील. रडतोस काय, डबा शोध."

एजन्सीवाल्यानं सांगितलं, जपानहून मागवावा लागेल, आणि युद्धात जहाज कधी येईल ते कुणी सांगावं. राहिली तश्लीह, शहराबाहेरचं मोडीत निघालेल्या गाड्यांचं मैदान. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आपण तिकडे जातो. तिथल्या पठाणाच्या रेडिओवर रियाधवर क्षेपणास्त्र पडल्याची बातमी चालू असते, आणि मी गाड्यांच्या सीटखाली डोकं घालून डब्यांवरचे नंबर वाचत असतो. एकही नंबर जुळत नाही. कुठला युरोपातल्या गाडीचा, कुठला टर्बो नसलेल्या इंजिनाचा. तुम्ही नंबराकडे बघतही नाही. तुम्ही वहीत आपल्या गाडीच्या प्लगचं चित्र काढलंय, एकेका पिनसमोर वायरीचा रंग लिहिलाय, आणि शांतपणे ते ताडून बघताय. पाचव्या का सहाव्या शुक्रवारी तुम्ही मला हाक मारलीत. गाडी आपल्या लाल गाडीसारखीच, पण ऑटोमॅटिक गिअरची; आपली हातानं गिअर टाकायची.

"हा नाही चालायचा, चाचा."

"का नाही?"

"नंबर वेगळा आहे."

"नंबर कंपनीनं चिकटवला. वायरींचं बोल."

वायरी सगळ्या जुळत होत्या. एक सोडून.

डबा बसवला. इंजिन चालू झालं आणि दोन क्षणांत बंद पडलं. चार दिवस हेच. कुवेत सुटल्याची बातमी येऊन गेली होती, आणि तो मास्तर आता सकाळ-संध्याकाळ येऊन दारात उभा राहायचा. "आज?" एवढंच विचारायचा. कफील त्याच्याकडे बघायचा, मग तुमच्याकडे. पाचव्या दिवशी तुम्ही गाडीचं दार उघडं ठेवून आत नुसते बसून राहिलात. मग म्हणालात, "हा काहीतरी विचारतोय रे. आपण उत्तर देत नाही, म्हणून रुसतोय. ऑटोमॅटिकवाल्याला असं काय ठाऊक असावं लागतं, जे आपल्याला लागत नाही?" मी पुस्तक चाळायला लागलो. तुम्ही पुस्तकाची वाट पाहिली नाहीत. "गिअर न्यूट्रलला आहे की नाही, तेच ना?" असं म्हणत ती जास्तीची पिन तुम्ही वायरीच्या एका तुकड्यानं अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडलीत. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. पुस्तकात तेच पान मला पाऊण तासानं सापडलं.

मास्तरानं तुमच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याला भाऊ भेटला का, याची मला अजून उत्सुकता आहे, पण कळणार कुठून. तुमचा इकामा राहिला, मुलींची लग्नं झाली, आणि तो टेस्ट लॅम्प वायरीला कुणी लावला हा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. एकदा तरी टोमणा मारला असतात तर मला बरं वाटलं असतं.

तुमच्या धाकट्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला हे पाठवावं असं मनात आलं होतं, पण पाठवणार नाही, आणि का ते तुम्हाला सांगून टाकतो. दर वर्षी पहिल्या तासाला मी टेस्ट लॅम्प हातात घेऊन मुलांना ही गोष्ट सांगतो. जेद्दात एक जुने मेकॅनिक होते, इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी या दिव्यानं अख्खा कॉम्प्युटर जाळला. मुलं हसतात. मग दुसरा कॉम्प्युटर कसा शोधला, ती एक वायर कशी ओळखली, तेही सांगतो. तिथं मात्र मी 'आम्ही' म्हणतो. यंदाही तसंच सांगितलं.