भिंतींआधीचं दार

आबा, काल दाराच्या चौकटीला तेल दिलं. बाभळीचं लाकूड, अजून तसंच टणक आहे, आणि तुमची आठवण आली. इथं एकटीनं राहताना दुसरं येणार तरी कोण?

महायुद्धाची वर्षं होती. आई गेलेली, आपण दोघं इस्लामपूरच्या पलीकडं त्या गवती खोपीत राहायचो, आणि माझी पाठवणी स्वतःच्या घरातून करायची हा एकच ध्यास तुम्ही घेतला होता. जोतं झालं, मुहूर्तावर चौकट पुजून उभी केली, आणि काम अडलं ते छपराच्या पत्र्यांवर. पत्र्यांना परमिट लागायचं. सांगलीच्या बाजारात पत्रे डोळ्यांना दिसायचे, पण सांगली संस्थानात आणि आपलं गाव सातारा जिल्ह्यात, म्हणून ते आपल्याला नाहीत. साताऱ्याचा साहेब म्हणाला, आधी भिंती दाखवा. तुम्ही म्हणालात, "सायेब, छपराबिगर कच्च्या इटा पावसात ऱ्हात्यात व्हय?" त्याला ते पटलं, पण नियमात बसलं नाही. तुम्ही भिंती उभारल्या. पाहणीला माणूस आला तो दिवाळीला, तोवर भिंतींचा चिखल झाला होता. पुढच्या खेपेला तुम्ही भिंती गवतानं शाकारल्या, तर त्यानं लिहिलं की घराला छप्पर आहे, पत्र्यांची गरज नाही. पुढच्या पावसात ते गवत कुजलं आणि त्याही भिंती गेल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आपलं सहा महिन्यांत उरकलं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते.

मला राग यायचा तो मात्र तुमचा. संध्याकाळी आपण जोत्यावर जेवायचो. चारी बाजू मोकळ्या, म्हणून मी घागर घेऊन कडेनंच वर चढले की तुम्ही ओरडायचात, "आगं, दार हाय की. भिंतीतनं कुठं शिरतीस?" भिंत नसायचीच. मी पाय आपटत फिरून दारातून यायची.

लग्न ठरलं तेव्हाही भिंती नव्हत्या. अजून दिसतं, तुम्ही चौकटीला तोरण बांधताय, मला आत उभं करताय, आणि त्या दारातूनच बाहेर काढताय. वऱ्हाडातले काहीजण हसले. तुम्ही कुणाकडं पाहिलं नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "घरातनं चाललीस. ध्यानात ठेव."

पत्रे मंजूर झाले ते तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर. ह्यांनी घर पुरं केलं, आणि हे गेल्यावर मी इथं राहायला आले. आता चारी भिंती आहेत. आडावरून येताना परसदार जवळ पडतं, तरी मी वळसा घालून पुढच्या दारानं येते.

हे पत्र टाकणार तरी कुठं? एक मात्र सांगते, आबा. कधीकधी मुद्दाम परसदारानं शिरते, आणि घागर कडेवर तशीच धरून थोडा वेळ उभी राहते. कुणी ओरडत नाही.